सुवर्णाच्या पोटऱ्यांवरचं जाळं

मखमलाबादच्या पाटात मेथी धुवायला उतरलं की बायांचे पाय गारठून निळे पडायचे. साळूबाईची त्यात हयात गेलेली. म्हणून सुनेच्या, सुवर्णाच्या, पोटऱ्यांवर जांभळं जाळं दिसलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पाणी लागलं गं तुला. नव्या बाईला लागतंच."

सुवर्णाची दोन बाळं पोटातच गेली होती. अठ्ठ्याण्णवच्या शिमग्यात तिसऱ्यांदा दिवस गेल्याचं कळलं, तसं साळूबाईनं तिला पाण्यात उतरूच दिलं नाही. बांधावर बसायचं, जुड्या बांधायच्या.

"आत्याबाई, बसून बसून मेथीवानी सुकून जाईन मी."

"सुक. पण कोरडी सुक."

महिना गेला, ऊन तापलं. एका दुपारी सुवर्णा आंब्याखाली लवंडली आणि लुगडं वर सरकलं. जाळं होतं तसंच. साळूबाई पानाच्या शिरा बघून भाजीचा रोग सांगणारी बाई. पाय महिनाभर कोरडे आणि जाळं जाईना, म्हणजे पाण्यावर उगाच आळ घेतला होता.

दुसऱ्या दिवशी नाशिकला डॉक्टरीणबाई पोट तपासायला लागल्या.

"पोट ऱ्हाऊ द्या बाई, आधी पाय बघा."

सुवर्णा लाजून अर्धी झाली. "आत्याबाई, काय हे..."

"गप. पाटावर अख्खं गाव बघतं ते."

डॉक्टरीणबाईंनी बोटानं दाबून पाहिलं. "थंडीनं येतं का हे, मावशी?"

"महिनाभर पाण्याला पाय लावू दिला नाय म्या. वर हे ऊन. तरी हाय तसंच हाय."

बाईंनी चष्मा नीट केला आणि रक्त तपासायला धाडलं. निघालं ते असं: अंगच आपल्या रक्ताच्या मागं लागलं होतं. बारीक गुठळ्या व्हायच्या, बाळाला पोसणाऱ्या वारेत अडकायच्या, बाळाची उपासमार व्हायची. कातडीवरचं जाळं त्याचीच खूण. गुठळ्या होऊ नयेत म्हणून रोज एक बारकी गोळी, आणि दोन वेळा पोटाच्या कातडीत सुई.

सुई बघून नवरा महेश पांढरा पडला आणि खाटेवर बसला. मग साळूबाईच नर्सकडून शिकली.

"वरडतीस कशाला? अजून टोचलीच नाय."

"टोचल्यावर वरडायला दम कुठं ऱ्हातो?"

दसऱ्याच्या आधी, जरा लवकरच, पोरगी झाली. दोन किलोची. महेश धावत सांगायला आला.

"रडली का?" साळूबाईनं विचारलं.

"लय."

"मग बरं."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळंतिणीलाही गुठळ्यांची भीती असते, अजून दीड महिना सुया चालू ठेवायच्या. सुवर्णानं डोक्यावरून पांघरूण ओढलं. साळूबाईनं पोरगी महेशच्या हातात दिली आणि सुईसाठी स्पिरिटात कापूस भिजवायला घेतला.

"पोट उघडं कर गं. पोरीला दूध पाजायचंय अजून."