शाकाहारी डॉबरमन

मंगळवार पेठेतले गुळाचे व्यापारी शिवलिंग आण्णा. कपाळी विभूती, गळ्यात लिंग, आणि अंड्याचं नाव काढलं तरी चूळ भरणारं घर. दुकानात चोरी झाली म्हणून सत्त्याण्णव साली त्यांनी डॉबरमन आणला. आपण कुठल्या दारात आलोय, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! आण्णांनी त्याचं नाव वाघ्या ठेवलं आणि पुढ्यात दूध-भाकरी सरकवली.

"हितं ऱ्हायचं तर आमचा आचार पाळाय लागंल," त्यांनी त्याला बजावलं.

वाघ्याने आचार पाळला आणि त्याच्या बरगड्या वर आल्या. आण्णा काही निर्दय नव्हते. त्याने मांडीवर डोकं ठेवलं की त्यांच्या पोटात तुटायचं. शेवटी त्यांनी पळवाट काढली. समोरच्या बयाबाईकडे बुधवारी-रविवारी मटण शिजे. मागच्या दाराने ते वाघ्याला तिथे नेत आणि तो हाडं फोडत असताना नाकाला उपरणं लावून भिंतीकडे तोंड करून उभे राहत.

"आण्णा, खातंय कुत्रं आन् लाजताय तुमी!" बयाबाई हसायची.

वाघ्या तुकतुकीत झाला. दूध-भाकरीवर वाढलेला डॉबरमन बघायला मठातली मंडळी येऊ लागली. आण्णा आधी नुसते हसायचे. मग हळूहळू प्रवचनच द्यायला लागले. "हिंसा रक्तात नसती, ताटात असती," असं ते ठासून सांगत. खोटं पचायला लागलं की माणूस दुसऱ्यांदा वाढून घेतो.

गडहिंग्लजचा त्यांचा मेव्हणा रुद्रेश. त्याच्या पोरीने, शिवलीलाने, एक पिल्लू पाळलं होतं. रुद्रेशने भर बैठकीत विचारलं, "दाजी, आमच्या राजालाबी दूध-भाकरीच दिऊ?"

मठातली मंडळी कौतुकाने बघत होती. "दे की. आमच्या वाघ्याकडं बघ," आण्णा म्हणाले.

राजाचे पाय वाकडे झाले, आणि श्रावणात तो गेला. रुद्रेश लेकीला घेऊन आला तेव्हाही बैठक भरलेलीच होती. "आमचंच पुण्य कमी पडलं, दाजी," तो म्हणाला. आण्णांनी चहाची कपबशी तशीच खाली ठेवली.

तेवढ्यात शिवलीलाने वाघ्याच्या गळ्यात हात टाकले. "मामा, ह्यो मला द्या की. ह्याला दूध-भाकरी पचती."

"द्या हो, पोरीचं तोंड बघा तरी," शांतव्वा आतून म्हणाल्या. बायकोलाही बयाबाईच्या मागच्या दाराचा पत्ता नव्हता.

दिला तर वाघ्याही राजाच्या वाटेने जाणार. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार. आण्णांनी वाघ्याचा पट्टा धरला.

"ह्यो मटण खातोय," ते एकदम बोलून गेले. "बयाबाईच्यात. मीच नेतोय."

बैठकीतले दोघे चपला शोधू लागले. इतके दिवस आण्णा याच घडीला भ्याले होते. आता मात्र कोण उठलं, कोण बसलं, याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. पोरगी त्यांच्याकडे बघत होती.

"मग मामा, राजा जित्ता हुता तवा का न्हाय सांगितलंसा?"