सुगंधाबाईचा हत्ती

सुगंधाबाईनं "उजाडलं" म्हटलं, तरी आमच्या गावचे लोक आधी दार उघडून पाहत. मी तर तिची शेजारीण, भिंतीले भिंत. अर्धं आयुष्य तिच्या थापा ऐकण्यात गेलं माझं. एकदा म्हणे वाघ घरात शिरला, बरणीतलं लोणचं खाल्लं, अन् तिखट लागलं म्हणून बोंबलत नदीवर पाणी प्यायले गेला. मले खोट्याची लई चीड. मी तोंडावर सांगत होती, "बाई, लाज धर थोडी." ती हसे, अन् दुसऱ्या दिवशी त्या वाघाच्या मागं वाघीण लावून देई.

नवरा लटारूभाऊ तसा देवमाणूस. कशालेही "हूं" म्हणे. त्याच्या वाट्याचं बोलणंही तीच बोलून टाके.

सत्तावन्नच्या उन्हाळ्यात ती विहिरीवर आली ते नाचतच. "नजमाचं लग्न हाय, तिकडं मूल गावले. सुकलू निरोप घेऊन आला. पोरगी म्हणे, मोठीमाय आल्याबिगर मी निकाह कबूलच करत नाई."

बायकांच्या बादल्या तशाच विहिरीत लटकल्या, अशा हसल्या साऱ्या. एक तर सांगणारी सुगंधाबाई, त्यात निरोप आणणारा सुकलू. हा हळद विकत गावोगाव फिरे अन् सकाळपासूनच मोहाची दारू घेऊन राहे.

नजमा म्हणजे बाबूभाई चुडीवाल्याची पोरगी. सुगंधाबाईच्या समोरच घर होतं त्याचं, लेकरं तिले मोठीमाय म्हणत. बायको वारलेली, घरात दोनच लेकरं. नजमा आठ वर्षांची, गफ्फार तिच्याहून लहान. निजाम पडला तेव्हा बाबूभाई चुड्यांचा माल आणायले हैद्राबादले गेला अन् तिकडंच अडकला. आमच्या राजुऱ्याकडं तेव्हा निजामाचंच राज्य. रझाकारांनी लोकांले भलतं छळलं होतं, हे खरं. पण त्याचा राग निघाला कोणावर? ज्यानं जन्मभर चुड्या भरण्यापलीकडं काही केलं नाई त्याच्यावर. त्याचं घर जाळलं. लेकरं दिसेनाशी झाली. आम्ही समजलो, कोणी नातेवाईक घेऊन गेला असन.

घर जाळलं त्या दिवशी मी सुगंधाबाईच्या ओट्यावरच बसली होती. पाच जण आले, लाठ्या घेऊन. "चुडीवाल्याचे लेकरं कुठी हाय?"

ही तांदूळ निवडता निवडता म्हणे, "इथीच हाय नं. धानाच्या कोठीत ठेवले. राखणीले खाली वाघ बसवला हाय, जरा सांभाळून जा."

पाचही जण खो खो हसले. "चला रे," एक जण म्हणे, "ही सुगंधाबाई हाय." अन् गेले. मीही हसली.

पुढं भुलाबाईचा महिना लागला. गावच्या पोरी रोज संध्याकाळी घरोघरी गाणी म्हणत, अन् गाणी झाली की घरची बाई डबा वाजवी. आवाजावरून आतला खाऊ ओळखायचा. सुगंधाबाई अंगणात पोरींपुढं डबा वाजवी, अन् पोरी गेल्या की आत जाऊन कोठीपुढं वाजवी. मी विचारलं, "हे काय करून राह्यली?"

"लेकरांले खाऊ ओळखायले लावून राह्यली. नजमा रडते नं, बाहेर गाणं ऐकू आलं की."

मी घरी येऊन नवऱ्याले सांगितलं, बाई आता पुरती बह्याड झाली.

तर त्या विहिरीवर मी तिले म्हटलं, "चल, मी येते संगं मूलले. खोटं निघालं तर दिवाळीपर्यंत विहिरीवर तोंड उघडायचं नाई."

"कबूल," ती म्हणे. "अन् खरं निघालं तर?"

"तर तुझा वाघही मानला मी."

लटारूभाऊले विचारलं, खरं का? तो म्हणे, "हूं." त्यात काय अर्थ होता, वाघालेही तो हूंच म्हणाला होता. तो बैलांपाशी राह्यला, अन् आम्ही दोघी निघालो. नदी आटली होती, लुगडी खोचून पार केली. चांद्यापर्यंत हिची टकळी चालू. मोटारीत डाव्या बाजूच्या बाईले वाघ सांगितला, उजवीकडच्या बाईले वाघीण.

चांदा सुटलं अन् ही गप्प. मले वाटलं, मोटार लागली.

"रुखमा," ती हळूच म्हणे, "आठच वर्षांची होती वं पोरगी. आमच्या घरच्यानं तिले अन् गफ्फारले बैलबंडीत तणसाखाली घालून मूलले मावशीकडं नेऊन सोडलं, त्याले नऊ वर्षं झाली. बापही मग तिकडंच राह्यला. ओळखन का मले?"

मी मनात म्हटलं, आता सुरू झाली पळवाट. तिले म्हटलं, "लेकरं खरंच कोठीत होते, तर त्या लोकांले दारात खरं काऊन सांगितलं?"

"नाई म्हटलं असतं तर झडती घेतली असती नं बाप्पा," ती म्हणे. "सुगंधा नाई म्हणते, म्हणजे नक्की हाय. गाव मले ओळखत नाई का?"

तेव्हा कुठं मले उमगलं. कोठी तेव्हा रिकामीच होती, नवं धान यायचं होतं. अन् मी ओट्यावर बसून हसत होती.

मूलले मांडव होता, अत्तराचा वास होता, नजमाचंच लग्न होतं. बायकांच्या खोलीत नवरी मान खाली घालून बसली होती, घुंघट पार मांडीपर्यंत. मावशी सईदा पुढं आली. "आप कौन, बाई?"

सुगंधाबाईनं तोंड उघडलं. शब्दच फुटेना. जन्मात पहिल्यांदा. मीच सांगणार होती, तर तिनं पिशवीतून एक पोचा आलेला डबा काढला अन् वाजवला.

घुंघट हलला.

"फुटाणे," आतून आवाज आला.

हिनं पुन्हा वाजवला.

"अन् गूळ. एकच खडा." मग हळूच, कोठीत बोलत असन तसं, "मोठीमाय, अर्धा गफ्फारले ठेव."

बायका "अगं, अगं" करत राह्यल्या, अन् नवरीनं आपल्या हातानं घुंघट फेकून तिच्या गळ्यात मिठी मारली. दोघी अशा रडल्या की काजळ माझ्याही लुगड्याले लागलं.

निकाह लागला, जेवणं झाली, अन् साऱ्या बायका भोवती बसल्या. "सांगा नं, काय झालं होतं?" आता सुगंधाबाईचा आवाज परत आला होता.

"चाळीस जण आले," ती म्हणे. "नंग्या तलवारी. अन् त्यांचा म्होरक्या हत्तीवर."

बायकांनी नजमाकडं पाह्यलं.

नजमानं डोळे पुसले. "हत्ती होता," ती म्हणे. "मी पाह्यला."

झाकण लावलेल्या कोठीतून पाह्यला म्हणे. मी तिथी होती. पाच माणसं होती, हत्ती सोडा, गाढवही नव्हतं.

"तुम्ही होत्या का बाई तिथी?" सईदानं मले विचारलं.

सुगंधाबाई माझ्याकडं पाहून राह्यली होती. नजमाही.

"होती नं," मी म्हटलं. "त्या हत्तीले पाणी मीच पाजलं."