भिंतीपलीकडचे एकोणीस शिपाई

जॉर्जियातल्या आमच्या मिलबर्न गावात मेलेल्यांनाही रंग होता. दफनभूमीच्या मधोमध दगडी भिंत. अलीकडे गोऱ्यांची हिरवळ, संगमरवर आणि मॅग्नोलियाची झाडं. पलीकडे उतारावर आम्ही काळे. आणि गावानं पावसाच्या पाण्याचा नाला काढला तोही नेमका आमच्या कबरींवरून. गटार कुठून न्यायचं हे या गावाला कधी कोणाला विचारावं लागलं नाही.

ओझेला टार्पली तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात राबली. एकोणीसशे शहाण्णव साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, तिनं वर्तमानपत्रात वाचलं की गोऱ्यांच्या प्रार्थनागृहासाठी गाड्या लावायची जागा करायची आहे, आणि ती आमच्या उतारावर. पालिकेच्या कारकुनानं, गारलंड व्हॉसनं, छापून आणलं होतं : ‘तिथे झाडोरा आणि काही बेवारस लोक आहेत.’

त्या बेवारसांत ओझेलाच्या आईचा आजोबा होता. प्रिन्स गेदर. अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामीतून पळून जाऊन तो, गुलामी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेविरुद्ध, उत्तरेच्या फौजेतल्या काळ्या पलटणीत भरती झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लोखंडी सळई घेऊन उतारावर गेली. वेली तोडायची, सळई जमिनीत खुपसायची, टक्‌ आवाज आला की हातानं माती उकरायची. मी तेव्हा तिथल्याच रस्त्यावर लोकांचे केस कापायचो. दुकानात बसून आम्ही सगळे हसलो.

“ओझेलाबाई, खजिना सापडला की आम्हाला विसरू नका हं!” मी ओरडलो.

“लेम्युएल, तुझा बापही इथंच पुरलाय,” ती मान वर न करता म्हणाली. “त्याच्या छातीवर एवढालं झाड उगवलंय. तू बस कात्री चालवत.”

दुपारी मी कुऱ्हाड घेऊन गेलो. लाज वाटली म्हणून नव्हे. ती बाई रविवारी सगळ्या चर्चसमोर बोलली असती म्हणून.

तीन महिन्यांत पाच शिपायांचे दगड निघाले, प्रिन्सचा धरून. बाकीच्यांचे दगडच नव्हते. ओझेलानं देशाच्या राजधानीला पत्रं लिहून पेन्शनचे जुने कागद मागवले आणि चर्चच्या मृत्यूनोंदींशी ताडून पाहिले. एकूण एकोणीस शिपाई भरले. प्रिन्सच्या जबानीखाली सहीच्या जागी फुली होती. त्या फुलीवर ती बराच वेळ बोट ठेवून बसली. तिला रडताना मी फक्त तेव्हाच पाहिलं.

पालिकेच्या सभेत व्हॉसनं कागद उलटसुलट केले. तो तिच्या मुलापेक्षाही लहान होता.

“हे बघ, ओझेला...”

“मिसेस टार्पली.”

“बरं. हे काही खरे सैनिक नव्हते. खड्डे खणणारे मजूर होते.”

“बरोबर, खड्डेही खणले त्यांनी,” ती म्हणाली. “आणि तुमच्या पणजोबांनी पळताना टाकलेल्या बंदुकाही उचलल्या.”

मागच्या बाकांवर आमचे लोक खदखदून हसले. व्हॉसचा चेहरा उकडलेल्या खेकड्यासारखा झाला. सभेला अटलांटाचा एक बातमीदार आला होता. बातमी छापून आली आणि आठवड्यात गाड्यांचा बेत गुंडाळला गेला. लाजेनं नाही. फोटो छापून येईल या भीतीनं.

सरकारकडून नवे पांढरे दगड आले. ट्रकवाल्यानं ते गोऱ्यांच्या फाटकाशी उतरवले, कारण गावाच्या नकाशात आमची दफनभूमीच नव्हती. आम्ही ते हातगाडीवरून वाहून नेले.

समारंभाला नगराध्यक्ष मोठा झेंडा आणि त्याहून मोठं हसू घेऊन आला. ओझेलानं भाषण केलं नाही. एकेक नाव वाचलं, दोन नावांमध्ये भरपूर थांबून. ऊन मी म्हणत होतं. सातव्या नावानंतर नगराध्यक्ष खुर्चीवर टेकू लागला.

“उभे राहा,” ती म्हणाली. “अजून बारा आहेत.”

तो उभा राहिला. घामानं त्याचा कोट पाठीला चिकटला होता. पाच वर्षांनी ओझेला वारली तेव्हाही गावात लोक हीच गोष्ट सांगत होते.

तिला आम्ही प्रिन्सशेजारी पुरलं. पालिकेनं आता फाटकाशी पितळी पाटी लावली आहे. तिच्यावर नगराध्यक्षाचं आणि व्हॉसचं नाव ठळक अक्षरांत आहे. शिपायांसाठी एक ओळ : ‘काही सैनिकही’. नाला अजून आमच्याच बाजूनं वाहतो.