कपारीतला उजेड

माझं लग्न झालं तेव्हा जवळच्या कॅम्पात फाळणीचे सिंधी निर्वासित येऊन दोनेक वर्षं झाली होती. बदलापूरच्या पुढे, नदीकाठच्या वाडीत माझं सासर. नवरा अंबरनाथला कारखान्यात कामाला, तो पहाटे जाई आणि दिवेलागणीला परत येई. दिवसभर घरात मी आणि सासू. मी तिला आत्याबाई म्हणायचे. एक दिवसाआड ती भाजीची पाटी घेऊन कॅम्पात विकायला जायची. सिंधी बायकांशी घासाघीस करता करता त्यांचे चार शब्द तिला येऊ लागले होते. घरी आली की ते ती मला बोलून दाखवायची आणि स्वतःच हसायची.

धाकटा दीर माझ्या लग्नाआधी डोहात बुडून गेला होता. हे मला नवऱ्याने सांगितलं, तेही एकदाच. घरात ते नाव कुणी काढत नसे. आत्याबाई नदीवर पाऊल ठेवत नसे. मलाही आल्या आल्याच तिने बजावलं होतं, "धुणं विहिरीवर धुवायचं. डोहाकडं जायाचं न्हाय."

मी वांगणीकडची, नदीतच वाढलेली. बापाचं जाळं खडकात अडकलं की बुडी मारून ते मीच सोडवायचे. तरी पहिलं वर्ष मी तिचा शब्द पाळला.

डोहाच्या एका बाजूला काळा कातळ पाण्यात उतरत गेला होता आणि पाण्याखाली त्याच्या पोटात मोठी पोकळी होती. तिला सगळे कपार म्हणत. भात पिवळं पडू लागलं, खाचरांतलं पाणी ओसरलं, की त्या पाण्यात वाढलेले बोटाएवढे मासे ओहोळांतून नदीत उतरत आणि मोठ्या माशांच्या भीतीने या कपारीत गोळा होत. दिवाळीपर्यंत राहत, मग पांगत. हे मी शेजारणीकडून ऐकलं आणि मला चैन पडेना.

दुसऱ्या वर्षी आत्याबाई कॅम्पात गेली की मी डोहावर जाऊ लागले. चांगलं लुगडं कातळावर काढून ठेवायचं, जुनेर घट्ट कासोटा मारून नेसायचं आणि दम धरून खाली जायचं. कपारीच्या तोंडातून आत शिरलं की वरच्या भेगेतून सकाळचं ऊन तिरकं पाण्यात उतरलेलं दिसे, आणि त्यात ते मासे. पाण्याखाली एकेक मासा वेगळा दिसत नसे, सगळ्यांची मिळून एक चांदीची चादर हलताना दिसे. मी हात पुढे केला की ती फाटायची, मागे घेतला की पुन्हा जुळायची. मी एकही मासा कधी धरला नाही. सासरी आल्यापासून इतकं सुख मला कुठे झालं नव्हतं. वर आले की दीर आठवायचा आणि त्या सुखाची लाज वाटायची. तरी एक दिवसाआड मी जातच राहिले.

एके दिवशी कॅम्पातला बाजार बंद निघाला. आत्याबाई भरली पाटी घेऊन परत आली. मी घरात नाही, विहिरीवरही नाही, म्हणून पाटी तशीच डोक्यावर घेऊन शोधत डोहापर्यंत आली.

मी वर आले तेव्हा ती गुडघाभर पाण्यात उभी होती. माझं लुगडं तिने छातीशी धरलं होतं. मागे पाटी कलंडलेली, वांगी पाण्यावर तरंगत होती. तिला माझं डोकं दिसलं आणि ती तिथेच पाण्यात मटकन बसली.

"आत्याबाई, मी हाय. काही झालं न्हाय मला."

तिने लुगडं पुढे केलं. "नेस," एवढंच म्हणाली.

शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती, तर बरं झालं असतं. दिराचा सदराही त्याच कातळावर सापडला होता, हे मला नवऱ्याकडून त्या रात्री कळलं.

पुढे कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मग एका सकाळी तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता तिने विचारलं, "आत काय हाय गं?"

"मासे हायत, आत्याबाई. बारके. लई."

"मीच धाडलं व्हतं त्याला. पाव्हणं आलं व्हतं. म्हटलं, कपारीत मासं आलं असतील, जा, घेऊन ये." तिने एक खडा वेचून बाजूला टाकला. "अंधार असतो का आत?"

"न्हाय. वर भेग हाय. उजेड येतो."

"तो दुपार कलल्यावर गेला व्हता. तवा बी असतो?"

मी एकदा उतरत्या दुपारी गेले होते. ऊन कातळामागे गेलेलं, आत स्वतःचा हात दिसत नव्हता. भिंत चाचपत, घाबरून मी बाहेर आले होते.

"तवा बी असतो," मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.

पुढे विहिरीवर ती बायकांना सांगू लागली, "आत लख्ख उजेड असतो, दिवसभर. माझ्या सुनंनं बघितलंय." बायका माझ्याकडे बघायच्या. मी मान हलवायचे. दर वेळी तेच खोटं मी नव्याने बोलत होते, आणि दर वेळी तिचा चेहरा थोडा सैल होताना दिसायचा. खरं सांगायची हिंमत झाली नाही, आणि सांगावं की नाही हेही मला कधी कळलं नाही.

पुढच्या वर्षी भात पिवळं पडल्यावर तीच म्हणाली, "मासं आलं असतील. जाऊन ये, सकाळचीच जा." ती काठावर बसून राहिली आणि मी बुडी मारली. मासे होते. आणि तिला काठावर बसवून खाली गेले तरी मला ते पहिल्याइतकंच आवडलं.