मामांसाठी मुसका

जळकोटकडच्या आमच्या घरात वांग्याची भाजी झाली की तर्रीवर इतकं तेल असायचं, की पोहायला न येणारा पाहुणा ताटापासून हातभर लांब बसायचा. त्या तेलावर मी साठी ओलांडली. मग उन्हाळ्यात एक दिवस छातीत कळ आली, लातूरच्या डॉक्टरनं आत स्टेंट बसवला आणि जिभेला बाहेरून कुलूप लावलं.

तेव्हापासून मुक्काम लातूरला, मुलाच्या फ्लॅटमध्ये. तिकडं शेतात सोयाबीन पिवळं पडत होतं आणि इकडं मी. डॉक्टरनं अट घातली होती: रक्तातली चरबी उतरली तर काढणीला जा, नाहीतर घरीच बसा. मुलगा म्हणाला, मग यंदाची रास तुमचे चुलतभाऊ बघतील. भावकीच्या हाती रास देणं म्हणजे बोक्याला सायीची राखण. आमच्या त्या चुलतभावाची नुसती सावली पडली तरी धान्याचा ढीग कमरेपासून गुडघ्यावर येतो. म्हणून माझं सगळं चित्त रक्ताच्या तपासणीवर होतं आणि डोळा घरातल्या प्रत्येकावर.

अशात एका दुपारी तोंडावर पेपर घेऊन मी झोपेचं सोंग करून पडलो होतो. सूनबाई नांदेडची. आमच्याकडं सून सासऱ्याला मामा म्हणते, सासूला आत्या. स्वयंपाकघरात ती तिच्या आईशी फोनवर बोलत होती, आणि माझे कान म्हातारपणी कमी होण्याऐवजी वाढलेत.

“मामांसाठी मुसका करून राहिले, आई. हाव, तेल काढूनच टाकलं. न्हाई, त्यांना सांगितलं न्हाई. आधी कळलं तर जवळ येऊ देतील का? एकदा जमला की मंग आठवड्याला लावते.”

माझी सोंगाची झोपही उडाली. खळ्यावर फिरणाऱ्या बैलानं कणसात तोंड घालू नये म्हणून त्याच्या तोंडाला जाळीची पिशवी बांधतात, तिला मुसकं म्हणतात. हयातभर मी बैलांना ती बांधली. आता घरात बैल एकच उरला होता.

ती फोन घेऊन गॅलरीत गेली तसा मी स्वयंपाकघरात शिरलो. पुरावा समोरच लटकत होता. नळाला एक पांढरं मलमलचं फडकं, चारी कोपरे गोळा करून सुतळीनं आवळलेलं, खाली पोट सुटलेलं. माप अगदी माझ्या तोंडाचं. खात्री करावी म्हणून ते सोडवून मी नाकाखाली धरून बघितलं, तर मिशीतून आंबट पाणी ओघळलं. नेमकी तेव्हाच आमची मंडळी दारात.

“आवो, चक्का चोरून खायलाव व्हय?”

मी म्हणालो, वास बघतोय. ती म्हणाली, मिशीनं? मी मिशी पुसली आणि फडकं परत नळाला बांधलं. पण दह्याचा चक्का असला म्हणून काय झालं, फडकं तर फडकंच होतं. मी सोफ्यावरून पाळत चालू ठेवली.

सूनबाईनं वांग्याच्या चकत्या कापल्या, मीठ लावून त्यांचं पाणी काढलं आणि तेलाचा नुसता ब्रश फिरवून त्या भट्टीच्या डब्यात भाजल्या. रंगारीसुद्धा सरकारी भिंतीला याहून जास्त रंग देतो. मग तिनं कांदा-टोमॅटो परतला, त्यात दालचिनी टाकली. वांग्यात दालचिनी! माझा संशय ताडाएवढा झाला. मग एक पाकीट फोडून तपकिरी चुरा भिजत घातला. मी विचारलं, हे काय? म्हणाली, सोयाबीन.

आता सोयाबीन म्हणजे आम्ही पेरतो, काढतो, आडतीवर घालतो. तोंडात घालत नाही. तेल काढून उरतं त्याची पेंड होते आणि ती जनावरापुढं ठेवतात. आधी मुसकं, मग पेंड. दावणीला बांधायचंच तेवढं राहिलं होतं. सगळ्यावर तिनं तो चक्का बेसन घालून पसरला आणि वरून जायफळ किसलं. वांग्यावर श्रीखंड! मी शेजारच्या खोलीत मुलाकडं बघितलं. तो मोबाइलमध्ये मान घालून बसला होता, म्हणजे कटात सामील.

रात्री ताटात एक चौकोनी तुकडा आला. मी हात मागं घेतला.

“पोरी, एक सांग. हे मुसकं तू मला बांधणार कधी?”

तिनं ताट परत माझ्यापुढं सरकवलं. “मुसकं न्हाई मामा, मुसाका. ग्रीस देशातली वांग्याची भाजी हाय.”

मग तिनं समजावलं. तिकडं वांगी तेलात तळतात, मध्ये खिमा भरतात, वर लोणी-मैद्याचा थर देतात आणि भाजतात. तिनं माझ्यासाठी तळण काढलं, खिम्याऐवजी सोयाबीन घेतलं आणि लोण्या-मैद्याऐवजी चक्का. मुलगा हसून हसून पाण्याचा तांब्या लवंडून बसला. मंडळी शांतपणे म्हणाली, “बांधायचं तर माझ्या मनात कवापासून हाय. पण यांच्या मापाचं बाजारात मिळत न्हाई.”

मी एक घास घेतला, तो तपासणी म्हणून. दुसरा घेतला, तो पहिला खरा होता का हे बघायला. तपासणी इतकी लांबली की भांड्याचा तळ दिसला. तरी मनातलं कुसळ गेलं नाही. परक्या घरची पोर, भर उन्हाळ्यापासून माझ्या पथ्यासाठी राबते, हिचा यात फायदा काय? फायद्याशिवाय आमच्याकडं कोणी रामराम घालत नाही.

पुढं वारंवार मुसाका झाला, आणि काढणीच्या तोंडावर तपासणी. चरबी उतरली होती. डॉक्टर जा म्हणाला, पण खाणं हेच ठेवा. घरी सगळ्यांत जास्त आनंद सूनबाईला झाला. त्या आनंदानं माझा संशय पुन्हा उठून बसला.

“मला घालवायची एवढी घाई का गं?”

ती म्हणाली, “खरं सांगू का मामा? तुमच्या आजारपणापासून मी नांदेडला गेले न्हाई. तुम्ही रानात गेलाव की मला माहेर दिसंल. आई वाट बघून राहिली.”

माझा जीव भांड्यात पडला. निव्वळ चांगल्या माणसाची मला लई भीती वाटते. त्याला कुठून धरावं कळत नाही. हिला मात्र माहेरी जायचं होतं, मला रासेवर. असा व्यवहार मला समजतो. मी मुलाला सांगितलं, आधी हिला नांदेडच्या गाडीत बसव, मग मी आणि मंडळी जळकोटची धरतो. आणि तिला म्हणालो, निघण्याआधी आपल्या आत्याला ते वांगं शिकवून जा.

मंडळी आतून म्हणाली, “मला येतंय. मी काय नुसती बघत बसले होते व्हय?”

म्हणजे ही पण रोज पाळतीवर होती. कशासाठी, ते मी अजून शोधतोय.