आमच्या गॅरेजातला भूतमहाल

किवींच्या देशात, अल्बनीतल्या मराठी माणसाच्या गॅरेजात गाडी सोडून सगळं असतं. कोणाकडे गणपतीचं मखर, कोणाकडे पिठाच्या गोण्या, कोणाकडे ट्रेडमिल आणि त्याच्यावर वाळत घातलेले पोहायचे टॉग्ज. आमच्याकडे भूतमहाल आहे! रुळांवरून ट्रॉली जाते, दारं आपटतात, सांगाडा अंगावर येतो. सगळं घरी केलेलं. चार वर्षं दर हॅलोवीनला उभा करतोय, आणि किस्से इतके साठलेत की पॉटलकला हातात ताट पडायच्या आत कोणीतरी म्हणतंच, "तो चपलांचा सांग ना!"

सांगते. पण क्रमाने सांगणार. मध्ये कोणी तोंड घालायचं नाही.

*

भूतमहाल मुळात माझ्या बाबांचा. जत्रेत असतो ना, पत्र्याचा मंडप, आत काळाकुट्ट अंधार, आणि दोघांनी बसायची लोखंडी ट्रॉली? तोच. बाबा तो ट्रकवर लादून गावोगावच्या जत्रा करायचे. एकतीस वर्षं! त्याच्यावर आमचं घर चाललं, माझं इंजिनिअरिंग झालं. आणि मी पुण्यात कॉलेजात काय सांगायची? "बाबांचा ट्रान्सपोर्टचा बिझनेस आहे." ट्रक होता की नाही? मग अगदीच खोटं नाही, अशी मनाची समजूत घालायची.

माझी मुलगी इरा पाच वर्षांची असताना तिने व्हिडिओ कॉलवर विचारलं, "आजोबा, व्हॉट वॉज युअर जॉब?"

बाबा म्हणाले, "भुतं सांभाळायचो."

झालं! इरा फोन सोडेना. फोन ठेवल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "मम्मा, दॅट्स द बेस्ट जॉब एव्हर! व्हाय डिडन्ट यू टेल मी?"

दोन दिवस चैन पडेना. मग बाबांना फोन लावला आणि एका दमात बोलून टाकलं, "बाबा, थँक यू म्हणायचं होतं. तुमच्या भूतमहालामुळे मी आज इथे आहे."

पलीकडे बाबा खाकरले. मग, "आभार कसले मानतेस? मी काय परका आहे? जेवलीस का?" आणि फोन आईच्या हातात!

तोंडाने दिलेलं घेत नाहीत ना, मग बांधूनच दाखवू, असं मी त्या दिवशी ठरवलं. मूळ भूतमहाल तोवर गंजून भंगारात गेला होता. कधी ना कधी बाबा इथे येतील, आमचा बघतील, आणि मला काय म्हणायचंय ते त्यांना पोचेल, एवढीच माझी इच्छा होती. हॅलोवीन हे आपलं निमित्त.

*

माझा नवरा मंदार मेकॅनिकल इंजिनिअर, पेनरोजला फॅक्टरीत. रूळ त्याने वाकवले. मंडपाचा सांगाडा शेजारच्या ग्रॅहमने ठोकला. ग्रॅहम बिल्डर आहे, घरं बांधतो. आम्ही नुसतं विचारायला गेलो, तर पठ्ठ्या ड्रिल घेऊनच आला.

ट्रॉली तयार झाली. मंदारने तिला हळदकुंकू वाहिलं, हार घातला आणि रुळावर नारळ फोडला. ग्रॅहम दोन पावलं मागे सरकला. "इज दॅट अ सेफ्टी थिंग, मेट?"

मंदार शांतपणे म्हणाला, "येस."

"स्वीट अ‍ॅज," म्हणजे इथल्या भाषेत झकास, असं म्हणून ग्रॅहमने खोबरं खाल्लं. विषय संपला असं आम्हाला वाटलं.

पुढच्या वर्षी त्याचा फोन. "मंदार, नवीन यूट गाडी घेतलीय. उद्या पहिल्यांदा साइटवर नेणार. कोकोनट तू आणतोस की मी आणू?"

*

इथली एक मोठी पंचाईत म्हणजे दक्षिण गोलार्धात हॅलोवीन येतो ऐन वसंतात. संध्याकाळी सातला लख्ख ऊन! भुतांनी करायचं काय? पहिल्या वर्षी आम्ही गॅरेजभर काळं प्लास्टिक लावलं, तरी फटींतून उन्हाच्या तिरिपी आत. त्यातली एक नेमकी आमच्या भुताच्या तोंडावर.

भूत म्हणजे आमचा मित्र समीर. ऑफिसात पंधरा जणांचा मॅनेजर, पण स्वभाव असा की डेअरीत दूध घेतानाही दोनदा सॉरी म्हणेल. त्याचं काम एवढंच, अंधारात दबा धरायचा आणि ओल्या तागाची झिपरी ट्रॉलीतल्यांच्या गालावरून फिरवायची. बाबांच्या भूतमहालातला हा हुकमी एक्का!

पहिली ट्रॉली आत गेली. मी बाहेर कान लावून. किंकाळी आली. पाठोपाठ समीरचा आवाज, "सॉरी सॉरी! लागलं नाही ना? चिवडा घेणार?"

दिवाळी तोंडावर होती, घरात चिवडा झालेला, याने डबाच आत नेलेला! बाहेर आलेल्या एका लहान मुलीला तिच्या आईने विचारलं, "वॉज इट स्केअरी?"

मुलगी म्हणाली, "नो. द घोस्ट इज लव्हली. ही हॅज स्नॅक्स."

*

आता चपलांचा.

दुसऱ्या वर्षी आमच्या ओळखीची यच्चयावत मराठी मंडळी आली. दारात पडदा, आत मिणमिणता दिवा, बाहेर रांग. पहिल्या काकूंनी सवयीने चपला काढल्या. मागच्यांना वाटलं काढायच्या असतात. त्यांच्यामागे आमच्या गल्लीतली किवी मुलं होती, त्यांनी आपले जँडल्स, म्हणजे रबरी सपाता, काढून ओळीत लावले. एका व्हॅम्पायरने तर बुटांच्या नाड्या सोडून मोजेही काढले! बघता बघता ड्राइव्हवेवर ही रास.

कुत्रा फिरवायला निघालेल्या एका किवी आजीबाई थांबल्या, चपलांकडे बघून ग्रॅहमला हळूच म्हणाल्या, "किती छान! इथे देऊळ झालं का?"

"नाही हो," म्हणायला ग्रॅहमने तोंड उघडलं आणि तेवढ्यात काकूंची ट्रॉली बाहेर आली. काकू डोळे मिटून, हात जोडून बसलेल्या.

"काकू, अहो, तो सांगाडा होता!" मी म्हटलं.

"असेना का," काकू म्हणाल्या. "देखावा म्हटलं की हात जोडले जातात बाई. केळंही ठेवलंय त्याच्यापुढे."

*

आणि यंदा आई-बाबा आले. सहा महिन्यांसाठी.

चार वर्षं ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला ते घरात, आणि गॅरेजकडे फिरकत नाहीत! आज गुडघा दुखतोय, उद्या बघू. मी म्हटलं, जाऊ दे, मागे लागायचं नाही.

एका शनिवारी मंदार ट्रॉली चालवून बघत होता. बाबा सोफ्यावर पेपर वाचत बसलेले. मध्ये भिंत, दार बंद. बाबा मान वर न करता म्हणाले, "डावं मागचं चाक घासतंय."

मंदारला हे लागलं. फॅक्टरीतून मोजायचं यंत्र आणून त्याने मोजलं. डावं मागचं चाक. तीन मिलिमीटर तिरकं!

त्या दिवसापासून जावई सासऱ्यांचा शिष्य झाला. बाबा दारात खुर्ची टाकून बसायचे, आत पाऊल नाही, पण सूचना चालू. "सांगाडा वळणावर नको, वळण संपल्यावर. माणूस हुश्श करतो तेव्हा." "दोन भुतं लागोपाठ ठेवू नका. मध्ये मोकळी जागा सोडा. लोकांना हसायला जागा लागते." मी चहा द्यायला जाऊन तिथेच उभी राहायची. लहानपणी यातलं एक अक्षर मी ऐकून घेतलं नव्हतं. आता एकेक वाक्य मनात टिपून ठेवायची. या माणसाने एकतीस वर्षं असल्या बारकाव्यांचा विचार केला आणि त्यातून मला शिकवलं!

हॅलोवीनच्या आदल्या दिवशी आईला म्हटलं, "बाबांना उद्या पहिल्या ट्रॉलीत बसवू या."

आई चकल्या पाडत होती. तिचा हात थांबला. "ते कधी बसलेच नाहीत त्यात."

"म्हणजे?"

"मालक बसला की गिऱ्हाइकाची एक जागा जाते म्हणायचे. आत जायचे ते पाना घेऊन, दिवा लावून. बाकी जन्म बाहेर माइकवर ओरडण्यात आणि आतल्या किंकाळ्या ऐकण्यात गेला."

मी तिथेच स्टुलावर बसले. एकतीस वर्षं! आणि हे मला आज कळत होतं.

*

दुसऱ्या दिवशी साडेसहालाच रांग ड्राइव्हवेच्या बाहेर गेली. दारावर इरा, कोणाचा नंबर कधी ते तीच ठरवणार. बाबा नेहमीसारखे खुर्चीवर.

"बाबा, चला," मी म्हटलं.

"माझं काय काम तिथे? पोरांना बसू दे."

इरा आली, हात धरून त्यांना उठवलं. "आजोबा, गेट इन." तिच्यापुढे बाबांचं काही चालत नाही. बसले. शेजारी मी.

दार आपटलं, अंधार झाला. पहिल्या वळणाला बाबा पुटपुटले, "बिजागरीला तेल हवंय." दुसऱ्या वळणाला, "पडदा जरा खाली घ्या." मी मनात म्हटलं, झालं, हे तपासणीलाच आलेत.

मग समीरने तागाची झिपरी फिरवली.

बाबांनी माझं मनगट असं घट्ट पकडलं की बांगडी रुतली. वळण संपलं, सांगाडा धाडकन पुढे आला आणि बाबा ओरडले, "अगं आई गं!" मोठ्यांदा! बाहेरची सगळी रांग हसली. तिसऱ्या वळणाला बाबा स्वतःच हसत होते, खांदे गदगदत होते, मनगट काही सोडलं नव्हतं.

ट्रॉली उजेडात आली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. काय म्हणतात? बरं म्हणतात की पुन्हा तेल?

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. ट्रॉलीतून उतरले. आपली खुर्ची ओलांडून, मंदारला, ग्रॅहमला ओलांडून सरळ चालत गेले आणि रांगेच्या शेवटी, भोपळा झालेल्या एका पोराच्या मागे जाऊन उभे राहिले.

इरा दारातून ओरडली, "आजोबा, यू ऑलरेडी हॅड अ गो!"

बाबा म्हणाले, "एकदाच झालंय."