उंबराखालची मोकळी जागा

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या गोळ्यांचं पॅकिंग करायची एक छोटी कंपनी होती. तिथे मी चोविसाव्या वर्षी लागले. बाबांची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच, आणि भांडुपच्या आमच्या खोलीत कमावणारी मी एकटी उरले. आमच्या लायनीत आम्ही नऊ जणी होतो, सगळ्या टेम्पररी. वर एक सुपरवायझर. माणूस वाईट नव्हता. वर्षातून एकदा तो आम्हाला पिकनिकला न्यायचा.

त्या वर्षी जानेवारीत रविवारला जोडून सुट्टी आली आणि बोरीवलीच्या पार्कात जायचं ठरलं. सुपरवायझर म्हणाला, "सकाळी लवकर निघू, म्हणजे जागा मिळेल." सगळ्या मुंबईने नेमकं हेच ठरवलं होतं. साडेआठला आम्ही गेटवर पोचलो तेव्हा आत शिरायलाच पाऊण तास लागला. नदीकाठ भरलेला. पुलाखाली, बागेत, बाकांवर, बाकांच्या मागे माणसं. लोकांनी चादरी अंथरून चारही कोपऱ्यांवर चपला ठेवल्या होत्या, आणि त्या चादरींवर एकेक म्हातारी राखणीला बसवली होती. मोकळी दिसणारी प्रत्येक जागा "कोणीतरी येतंय" म्हणून अडवलेली.

आम्ही चालत राहिलो. पातेलं, तांदूळ, मसाला लावलेल्या कोंबडीचा डबा, पंपाचा स्टो, मोठी सतरंजी असं सगळं ओझं आळीपाळीने घेत लेण्यांच्या रस्त्याने वर वर गेलो. रस्त्यावर स्कूटर आणि गाड्या इंचाइंचाने सरकत होत्या. दर वळणावर कुणाचा तरी ट्रान्झिस्टर. माझ्या शेजारच्या बाकावर काम करणारी मैत्रीण म्हणाली, "अगं, इथे जंगल कुठाय? दादर परवडलं." आम्ही हसलो. पण तासाभराने हसू संपलं. तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि सगळ्यांना भूक लागली होती.

रस्ता सोडून डावीकडच्या पायवाटेने थोडं वर गेल्यावर एक मोठा उंबर दिसला. खाली सपाट जमीन, गार सावली आणि एकही माणूस नाही. त्या दिवशी अख्ख्या पार्कात मोकळी असलेली तेवढीच एक जागा असावी. ती मोकळी का, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच पडला नाही. "झकास!" म्हणत सुपरवायझरने सतरंजी टाकली. आमच्या पाठोपाठ आलेला आणखी एक ग्रुप थोडा खाली बसला.

स्टो पेटेना. वाटेत कुठेतरी रॉकेल सांडून गेलं होतं. बाकीच्या मुली एकमेकींची तोंडं बघत बसल्या. मी तीन दगड लावले, काटक्या आणि पाला गोळा केला आणि चूल पेटवली. मे महिन्याच्या सुट्टीत गावी मी हेच करायचे. पाला अर्धवट ओला होता. धूर खूप झाला आणि सरळ वर गेला. सगळ्या खोकत माझं कौतुक करत होत्या. मला फार बरं वाटलं होतं, हे मला आठवतं.

तेवढ्यात खालून शिट्टी वाजवत एक रखवालदार आला. खाकी शर्ट, हातात काठी, पंचेचाळीशीचा बारकासा माणूस. धापा टाकतच म्हणाला, "चूल विझवा. वर आग्या मोहोळ आहे."

आम्ही वर पाहिलं. उंच फांदीला पलीकडच्या बाजूने काळं काहीतरी लटकत होतं, जळक्या लाकडासारखं. हलत नव्हतं.

सुपरवायझर म्हणाला, "खाली शंभर जणांनी चुली पेटवल्यात. त्यांना सांगा ना आधी."

"तिथे मोहोळ नाही साहेब. इथे आहे."

मग मी बोलले. भात अर्धा शिजला होता. मी म्हणाले, "मग दुसरी जागा दाखवा ना. आम्ही लगेच उठतो. आहे का कुठे जागा?"

त्याने खाली रस्त्याकडे पाहिलं. गाड्यांचे हॉर्न वाजत होते. त्याची खरी ड्युटी त्या खालच्या वळणावर होती. गाड्या अडवायच्या, सोडायच्या. एवढ्या गर्दीला तो एकटाच होता. "जागा नाही," तो म्हणाला. "पण विझवा. मी गाड्या सोडून परत येतो." आणि तो उतरून गेला.

आम्ही चूल विझवली नाही. भात होईपर्यंत थांबू, असं सगळ्यांचं न बोलता ठरलं.

पाचेक मिनिटांनी पहिली माशी माझ्या मैत्रिणीच्या मानेवर बसली. तिने ती मारली. मग वरून एक आवाज आला, पंख्याची पाती सैल झाल्यासारखा, आणि उजेडच कमी झाला. नंतरचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. पातेलं लवंडलं. सुपरवायझर आणि बाकीच्या मुली रस्त्याकडे पळाल्या. मैत्रीण तुटक्या चपलेत पाय अडकून पडली. मी तिला ओढत होते आणि माझ्या डोक्यात, कानात, पापणीवर निखारे टेकवल्यासारखं होत होतं. तो रखवालदार परत वर येतच होता, आम्ही विझवली का ते बघायला. तो पळून जाऊ शकला असता. त्याने जेवणाच्या ताटांसकट सतरंजी उपसली आणि आम्हा दोघींवर टाकली. "हात झाडू नका! पडून राहा!" एवढं मी ऐकलं. सतरंजीच्या आत अंधार होता, मसाल्याचा वास होता. बाहेर तो होता. आधी तो ओरडत होता, मग काठी आपटल्यासारखा आवाज येत राहिला, मग तोही थांबला.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. खालच्या ग्रुपमधल्या माणसांनी चादरी पांघरून, पेटते बोळे धरून आम्हाला बाहेर काढलं. तो बाजूला पालथा पडला होता. त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता, आणि मानेवर इतके काटे रुतले होते की तिथे बारीक केस उगवलेत असं वाटावं. श्वास चालू होता.

गाडी वर येऊ शकली नाही. रस्ता खालपर्यंत तुंबला होता. चौघांनी त्याला त्याच सतरंजीत घातलं आणि चालत निघाले. मागे आम्ही, सुजलेल्या तोंडांनी. पुढचा माणूस "बाजूला व्हा, बाजूला व्हा" ओरडत होता आणि लोक बाजूला होत नव्हते. त्यांची चूक नव्हती, व्हायला बाजूच नव्हती. एका वळणावर क्रिकेट चाललं होतं. त्यांनी एक बॉल खेळून घेतला आणि मग वाट दिली. कुणीतरी म्हणालं, "जास्त झाली वाटतं याला." गेटपर्यंत यायला दोन तासांच्या वर लागले.

हॉस्पिटलात आम्हाला इंजेक्शनं देऊन संध्याकाळी घरी सोडलं. तो तिसऱ्या दिवशी गेला. विषाने मूत्रपिंडं बंद पडली होती. मला ते कामावर गेल्यावर कळलं.

आठवड्याने पार्काच्या कचेरीतून चौकशीला एक माणूस कंपनीत येणार होता. आदल्या दिवशी सुपरवायझरने आम्हा सगळ्यांना कँटीनमध्ये बसवलं. त्याचा एक डोळा अजून उघडत नव्हता. तो म्हणाला, "हे बघा, पोलीस केस झाली तर मालक एकीलाही ठेवणार नाही. आपण चूल पेटवलीच नव्हती. आणि तो माणूस आपल्याकडे आलाच नव्हता. आपल्याला कुणी काही सांगितलं नाही. बरोबर?"

दुसऱ्या दिवशी लिहून आणलेल्या कागदावर सगळ्यांनी सह्या केल्या. मीही केली. सही करताना मला बाबा आठवले, घरखर्च आठवला, हे खरं आहे. पण मुख्य म्हणजे मला भीती वाटत होती.

एक महिना मी कसाबसा काढला. मग एका कामाच्या दिवशी अर्धी रजा घेऊन पार्कात गेले. गेटवरच्या रखवालदाराला त्या गेलेल्या माणसाचं घर विचारलं. आतल्या पाड्यात, ओढ्याच्या कडेला, कुडाच्या भिंतींचं घर होतं. दुपारची वेळ, चिटपाखरू नव्हतं. ओढ्यात रविवारच्या पत्रावळी आणि प्लास्टिकच्या पिशव्या अडकल्या होत्या. त्याची बायको काठीने त्या बाजूला करून हंडा भरत होती.

मी ओळख सांगितली, "त्या दिवशी मी तिथे होते." तिने हंडा खाली ठेवला.

"तू बघितलंस त्याला?" तिने विचारलं. "मग सांग. वर कशाला गेला होता तो?"

मला कळेना. ती म्हणाली, "साहेब लोक म्हणतात, ड्युटी वळणावर होती. जागा सोडून वर गेला तो मध काढायला. म्हणून माश्या उठल्या. म्हणून त्याच्या जागी मला काम नाही. पाड्यातपण आता तेच बोलतात. मध काढायला गेला नि लोकांच्याही जिवावर उठला."

आम्ही सही केलेल्या कागदाने हे केलं होतं. चूल पेटलीच नाही, त्याने आम्हाला काही सांगितलंच नाही, असं दहा जणांनी लिहून दिल्यावर तो वर कशाला गेला, याला दुसरं कारण उरत नव्हतं.

मी सांगितलं. चूल मी पेटवली. त्याने विझवायला सांगितली. मी त्याला उलट बोलले. आम्ही विझवली नाही. सतरंजीचंही सांगितलं. मी रडत होते, ती रडत नव्हती.

"हे तिथं कचेरीत सांगशील?" तिने विचारलं.

"सांगते. उद्या अर्ज लिहून—"

"उद्या नाही. आत्ता चल."

हंडा तसाच ठेवून ती निघाली. सबंध वाट ती माझ्या पुढे चालली, एकदाही मागे वळली नाही. कचेरीतला कारकून म्हणाला, साहेब जागेवर नाहीत, नंतर या. ती दारातच जमिनीवर बसली. "ही सांगंल ते लिहून घ्या, मग उठते." तासाभराने त्याने मला कागद दिला. मी सगळं लिहिलं, माझ्या उलट बोलण्यासकट, आणि खाली सही केली. तिला वाचता येत नव्हतं. तिने मला तो तिथेच मोठ्याने वाचायला लावला. कारकून फायली चाळत ऐकत होता.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "काही लागलं तर मला सांगा." पत्ता लिहिलेली चिठ्ठी पुढे केली.

तिने ती घेतली नाही. "आता परत येऊ नको," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. थकवा होता.

पंधरा दिवसांत मला कंपनीतून काढलं. मैत्रीण घरी येऊन बोलून गेली, "तुझं ठीक आहे गं, तुला सुटल्यासारखं वाटलं. आमची वाट लागली ना." बाकीच्या आठही जणींना दोनदा पोलीस चौकीत बसावं लागलं होतं. पुढे काही झालं नाही. केस कुठे गेली, कुणालाच कळलं नाही. मी घाटकोपरला एका दुकानात लागले.

दीड-दोन वर्षांनी पार्कात कामाला असलेला एक माणूस दुकानात आला. बोलता बोलता मी त्या रखवालदाराच्या बायकोबद्दल विचारलं. तिला रोपवाटिकेत रोजंदारीवर घेतलंय म्हणाला. रोपांना पाणी घालते, पिशव्या भरते. माझ्या कागदामुळे की कुणाच्या तरी दयेने, त्याला माहीत नव्हतं.

"तिचा नवरा मध काढायला गेला नि मेला ना," तो म्हणाला. "तीच ती."

"मध काढायला नाही," मी म्हणाले, आणि दुकानात उभी राहून त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली, आणि सामान घेऊन गेला.